कासवाची पाठ मऊ लागतेय? आधी खिडकीची काच बाजूला सारा

नाशिकच्या इंदिरानगरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे तीन वर्षांचं रेड-इअर्ड स्लायडर कासव आहे. दोन फुटी काचेची टाकी हॉलच्या खिडकीपाशी ठेवलीय, ऊन भरपूर येतं. खायला पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या), सुकट आणि अधूनमधून बोनलेस चिकन. हल्ली पाठीवर पांढरे चट्टे दिसतात, मागच्या बाजूच्या कडा वर वळल्यात आणि अंगठ्याने दाबल्या तर किंचित दबतात. शेजारच्या काकू खोबरेल तेल लावा म्हणतात. दुकानदाराने पाण्यात टाकायला कॅल्शियमचा दगड दिलाय. नेमकं काय करू?"

तेल लावलं असेल तर आजच कोमट पाणी आणि मऊ फडक्याने पुसून काढा आणि पुन्हा लावू नका. तेलाने पाठ चकचकीत दिसते एवढंच. त्यावर धूळ बसते, घाण धरून राहते आणि पाण्यावर तवंग येतो. दगड पाण्यात राहू द्या, त्याने बिघडत काही नाही, पण तो विरघळून कासवाच्या हाडात जाईल अशी आशाही धरू नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी पांढरे चट्टे कदाचित अगदी निरुपद्रवी निघतील. कडा दबणं मात्र मी गंभीर धरतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतं. तीन वर्षांच्या स्लायडरचं टणकच लागायला हवं. आणि तुमच्या वर्णनावरून मला मुख्य संशय आहे तो त्या 'भरपूर उन्हाचा'.

कवच म्हणजे कासवाने वर पांघरलेलं काहीतरी, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो त्याचा सांगाडाच आहे. बरगड्या आणि मणके रुंद होऊन एकमेकांना जोडले गेलेत आणि त्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच द्रव्याचे, पातळ पत्रे बसलेत. स्लायडरच्या पाठीवर असे साधारण ३८ पत्रे असतात. खालच्या हाडात रक्त खेळतं, मज्जातंतू असतात. घासलं, टोचलं तर त्याला कळतं. त्यामुळे वरून चोपडून, घासून, रंगवून कवचाला बळ येत नाही. ते आतून येतं, आणि सावकाश येतं. आज तुमच्या अंगठ्याला जी कड मऊ लागतेय, तिच्यात गेल्या कित्येक महिन्यांचं खाणं आणि ऊन आहे.

आता त्या उन्हाबद्दल. खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट जायला व्हिटॅमिन डी३ लागतं, आणि ते कासवाच्या कातडीत तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी म्हणजे अतिनील किरण लागतात. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी मात्र जवळजवळ सगळं काचेतच अडतं. टाकीची काच आणखी वेगळी. म्हणजे तुमचं कासव रोज दगडावर मान ताणून, पाय पसरून ऊन खातंय आणि हाडांच्या हिशेबात त्याच्या पदरात शून्य पडतंय. घरच्यांनाही वाटतं, एवढं ऊन घेतंय, मग कमी काय पडतंय? माझ्याकडे मऊ कवचाची जी कासवं येतात, त्यांतली बरीचशी अशाच 'खिडकीपाशी ठेवलेल्या' टाक्यांतली असतात.

उघड्या उन्हासारखं दुसरं काही नाही आणि नाशकात ते फुकट आहे, फक्त वेळ साधावी लागते. हिवाळ्यात सकाळी सातचं कोवळं ऊन आपल्याला छान वाटतं, पण सूर्य इतका तिरपा असतो की यूव्हीबी नावापुरतंच असतं. डिसेंबर-जानेवारीत दहा ते बारा ही वेळ चांगली. मार्च ते मेमध्ये साडेआठ-नऊच्या सुमारास न्या आणि दहाच्या आत आत आणा, कारण पारा ४०च्या घरात जातो तेव्हा गच्चीची फरशी तव्यासारखी तापते. अर्धा तास पुरतो. पसरट प्लास्टिकचा टब घ्या, थोडं पाणी घाला, एका कडेला कोरडी वीट ठेवा आणि निम्म्या टबावर सावली करा, म्हणजे उकडलं तर त्याला आत सरकता येईल. वरून जाळी हवीच. कावळे, घारी आणि शेजारची मांजर या तिघांनाही तुमच्या कासवात रस असतो. आणि काचेची टाकी उचलून उन्हात ठेवायची नाही, कधीच नाही. बंद काचेत पाणी झपाट्याने तापतं; अशी उकडून मेलेली कासवं दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतात.

खरी अडचण पावसाळ्यात येते. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. तेव्हा, आणि फ्लॅटला उघडी गॅलरी नसेल तर वर्षभर, यूव्हीबीची ट्यूब लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून विकली जाणारी, ५.० किंवा १०.० असा आकडा असलेली लांब ट्यूब घ्या. छोट्या पिळाच्या बल्बपेक्षा तिचा उजेड जास्त जागेवर सारखा पडतो. बसायच्या जागेपासून किती अंतरावर लावायची ते पाकिटावर दिलेलं असतं. बहुतेक वेळा ते वीतभर ते हातभर यांच्या मधलं असतं. मध्ये काच किंवा प्लास्टिकचं झाकण ठेवायचं नाही, बारीक जाळीसुद्धा बरेच किरण खाते. रोज दहा ते बारा तास चालू. आणि दिसायला ट्यूब धडधडीत पेटलेली असली तरी तिचं यूव्हीबी सहा महिने ते वर्षभरात ओसरतं, म्हणून लावल्याची तारीख मार्करने पट्टीवर लिहून ठेवा.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. काही दुकानांत 'यूव्ही' मागितलं की पाणी निर्जंतुक करायचा यूव्हीसी दिवा हातात पडतो. तो कासवावर लावायचा नसतो; त्याने डोळे आणि कातडी भाजते, तुमचीसुद्धा. निळ्या-जांभळ्या शोभेच्या बल्बने इजा होत नाही, पण उपयोगही काही नाही.

ऊब हा वेगळा विषय आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. कासवाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. पाणी २४ ते २७ अंश आणि बसायची जागा ३० ते ३५ अंश असेल तरच ते नीट खातं, पचवतं आणि पचलेल्यातून हाड बांधतं. नाशिकची थंडी इथे नडते. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर त्याहूनही खाली, आणि हॉलमधल्या टाकीचं पाणी सकाळी अठरा-एकोणीस अंशांवर आलेलं असतं. कासव खात नाही, एका जागी बसून राहतं. 'थंडीत झोपतंच ते' म्हणून घरचे सोडून देतात. धड शीतनिद्रा नाही, धड जाग नाही, अशा अर्धवट गारठ्यात प्रतिकारशक्ती खालावते आणि कवचाची कुज किंवा न्यूमोनिया याच दिवसांत सुरू होतो. थर्मोस्टॅटचा वॉटर हीटर घ्या आणि त्याला जाळीचं आवरण हवं, नाहीतर वाढलेलं कासव धडक देऊन काच फोडतं. बसायच्या जागेवर साधा ५०-६० वॅटचा उष्णतेचा बल्ब चिनी मातीच्या होल्डरमध्ये लावा. दोन्ही ठिकाणी साधासा का होईना, पण थर्मामीटर असू द्या. हाताने अंदाज घेऊन चालत नाही.

खाण्याकडे येऊ. मऊ कवचाचा निम्मा दोष तिथे असतो.

कासवाच्या अन्नात फॉस्फरसच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट कॅल्शियम असावं. बोनलेस चिकनमध्ये हे गणित उलटं होतं: कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट फॉस्फरस. रक्तात फॉस्फरस वाढला की शरीर तोल सावरायला कॅल्शियम शोधतं, आणि ते सापडायची जागा एकच, हाड. म्हणजे आपण 'ताकदीचं' म्हणून चिकन घालतो आणि कासव स्वतःचंच कवच खर्ची घालतं. चिकन आजपासून बंद करा. मटणाचा खिमा, पनीर, दूध, पोळी, भात, ब्रेड हेही बंद. दूध पचवायची सोयच त्याच्या पोटात नाही.

सुकट हे प्रकरण जरा नाजूक आहे, कारण कासवाला ती भयंकर आवडते. एकदा चटक लागली की पेलेटकडे ढुंकून बघत नाही. बाजारातली सुकट खारवलेली असते, आणि डबीतून मिळणारे वाळवलेले कोळंबीसारखे किडे म्हणजे तर नुसतं टरफल. खाऊ म्हणून आठवड्यात एखादी चिमूट, तीही धुऊन, यापलीकडे नको. त्याऐवजी छोटे गोड्या पाण्यातले मासे अख्खे द्या, डोकं, काटे आणि पोटातल्या कलेजीसकट. काट्यात कॅल्शियम असतं, कलेजीत व्हिटॅमिन ए. नुसते सोललेले तुकडे दिलेत तर पुन्हा चिकनचीच कथा. गांडुळं चालतात, पण फवारणी केलेल्या बागेतली नकोत.

तीन वर्षांच्या स्लायडरला आता निम्म्याहून अधिक पाला लागतो. पिल्लू असताना ते मांसाहाराकडे झुकलेलं असतं, मोठं होताना आपोआप वनस्पतीकडे वळतं. आपण मात्र तेच पिल्लाचं पेलेट तितक्याच सढळ हाताने घालत राहतो. परवडणारी आणि उत्तम गोष्ट म्हणजे शेवग्याचा पाला. १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. हादग्याचा पाला मिळाला तर तोही. जास्वंदाची पानं-फुलं बहुतेक कासवं आवडीने खातात. मेथी, कोथिंबीर आलटून पालटून. लाल भोपळा आणि गाजर किसून थोडंसं, व्हिटॅमिन ए साठी; ते कमी पडलं की डोळे सुजून बंद होतात, आणि न दिसल्यामुळे कासव खाणं सोडतं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. कोबी-फ्लॉवरचाही रतीब नको. काकडी म्हणजे पाणी; आवडते म्हणून द्यायला हरकत नाही, पोषण म्हणून मोजू नका.

नाशिककर म्हणून द्राक्षाबद्दल वेगळं सांगतो. मळ्यातून आलेला घड समोर असला की एखादा मणी टाकीत पडतोच. महिन्यातून एखादा चालेल, साखर आहे ती. द्राक्षाची पानं खाण्याजोगी असतात, पण हंगामात बागेवर इतक्या फवारण्या झालेल्या असतात की मी ती देऊ देत नाही. गोदावरीतली जलपर्णीही स्लायडर मिटक्या मारत खातं. शहराच्या खालच्या अंगाची मात्र आणू नका, सांडपाण्यातून जे काही नदीत येतं ते ती वनस्पती शोषून बसलेली असते.

प्रमाण सांगायचं तर पेलेट एका वेळी कासवाच्या डोक्याएवढे, तेही एक दिवसाआड. पाला रोज, खाईल तितका. सुकटीला सोकावलेलं कासव सुरुवातीला पाल्याकडे बघणार नाही. दोन-चार दिवस उपाशी राहिल्याने तंदुरुस्त स्लायडरचं काही बिघडत नाही. तुमचं मात्र आजारी असण्याची शक्यता आहे, म्हणून उपाशी ठेवू नका. पेलेट भिजवून पाला बारीक चिरून त्यात मिसळा आणि हळूहळू पाल्याचं प्रमाण वाढवा.

कॅल्शियमसाठी महागड्या डब्यांच्या मागे लागायची गरज नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मागा, पंचवटीत किंवा रविवार कारंज्याकडे विचारून बघा. म्हणजे कटलफिशचं हाड. मागचा टणक पापुद्रा काढून तुकडा पाण्यात तरंगत सोडला की कासव हवं तेव्हा कुरतडतं. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, वस्त्रगाळ करून पाल्यावर भुरभुरवलं तरी चालतं. व्हिटॅमिन डी३ चे थेंब मात्र माणसांच्या औषधातले स्वतःच्या मनाने घालू नका. ते जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं, आणि ते परत काढता येत नाही.

आता पांढरे चट्टे. कासव बाहेर काढून कोरडं होऊ द्या आणि चांगल्या उजेडात बघा. पाणी लावल्यावर डाग नाहीसा होतो, वाळल्यावर पुन्हा उमटतो आणि हाताला खरखरीत लागतो, तर तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार आहे, बादलीच्या काठावर बसतो तोच. दुसरी शक्यता कात टाकण्याची: स्लायडरचे वरचे पत्रे वाढीबरोबर अधूनमधून सुटतात, खाली हवा शिरली की तो भाग पांढुरका, चंदेरी दिसतो. पत्रा पातळ, पारदर्शक आणि अख्खा निघत असेल तर सगळं ठीक. नखाने सोलू नका, वेळ झाली की पडेल. पत्रे एकावर एक साचून राहत असतील तर बसायची जागा पुरेशी कोरडी किंवा गरम नाही असं समजा.

तिसरी शक्यता काळजीची. डाग मऊ, चिकट, खड्डा पडल्यासारखा, नखाने भुगा निघणारा किंवा वास येणारा असेल, विशेषतः पोटाच्या बाजूला, तर ती कवचाची कुज. पोटाकडच्या कवचाखाली लालसर, रक्त साकळल्यासारखी छटा दिसली तर जंतू रक्तात गेल्याची शक्यता असते आणि मग घरचे उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुज वरवरची असेल तर डॉक्टर बहुधा असं सांगतील: दिवसातले बरेच तास कोरड्या, उबदार जागी ठेवा, पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा, आणि खाण्यापिण्यापुरतं स्वच्छ पाण्यात सोडा, कारण स्लायडर पाण्यातच गिळतं. किती तास, किती दिवस हे जखम बघितल्याशिवाय कुणीच सांगू नये. मीही सांगत नाही.

कुज बहुतेक वेळा होते ती घाण पाण्यामुळे, आणि इथे तुमची टाकी लहान पडतेय. ढोबळ हिशेब असा की कवचाच्या लांबीच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटरला ४० लिटर पाणी. तुमचं कासव १२-१३ सेंटिमीटरचं धरलं तर २०० लिटर झाले, आणि मादी असेल तर ती २५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते. दोन फुटी टाकीत शंभर लिटरही धड मावत नाहीत. नवी टाकी घेण्याऐवजी गच्चीवर किंवा गॅलरीत जाड प्लास्टिकचा मोठा टब, नाहीतर छोटा सिमेंटचा हौद करणं स्वस्त पडतं. उन्हाचाही प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. फिल्टर टाकीच्या मापाच्या दुपटीचा घ्या, कासव माशांपेक्षा फार घाण करतं. खायला दुसऱ्या टबात घातलंत तर फिल्टर दुवा देईल. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. महापालिकेच्या नळाचं पाणी क्लोरीन उडून जायला दिवसभर उघडं ठेवून मग घाला. तळाला रंगीत बारीक खडे असतील तर काढून टाका. कासवं ते गिळतात आणि आतडं अडतं. बसायची जागा अशी हवी की पोटाचं कवचसुद्धा पूर्ण कोरडं होईल. प्लास्टिकचं खोटं नारळाचं झाड लावलेलं ते वाडगं, जे वास्तूसाठी म्हणून विकतात, त्यात कुठलंच कासव नीट जगत नाही. वास्तूसाठी पितळी कासव ठेवावं, त्याला यूव्हीबी लागत नाही.

हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना तर नक्की धुवायला लावा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा जंतू असू शकतो. अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घातली ती लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे.

सोबत फोटो नाही, म्हणून एक खात्री करून घ्या. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते स्लायडरच. पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं नक्षीकाम असेल किंवा पोटाला मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असतील, तर ती आपली देशी कासवं आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ती घरात ठेवणं गुन्हा आहे. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि स्लायडर नकोसं झालं म्हणून गोदाघाटावर किंवा गंगापूर धरणात सोडून पुण्य मिळवायला जाऊ नका. ती उत्तर अमेरिकेतली जात आहे, जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. इथे सोडलं तर ऊन खायच्या जागा आणि अन्न यांसाठी देशी कासवांशी झगडणार. नदी खाली नांदूर मधमेश्वरला जाते, रामसर हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालेल्या पाणथळीत.

तुम्ही या आठवड्यात करायचं ते एवढं: चिकन-सुकट बंद, समुद्रफेन टाकीत, उघडं ऊन सुरू, आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे एक एक्स-रे. कडा दबतात म्हणजे आतलं हाड किती विरळ झालंय ते बाहेरून कळत नाही, एक्स-रेत दिसतं. तो तोंडाने कॅल्शियम देईल की इंजेक्शन, हे त्यावर ठरेल. पाय थरथरत असतील, कासव एका बाजूला कलून तरंगत असेल किंवा मागचे पाय ओढत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. नेताना पाण्यात नेऊ नका, छिद्रं पाडलेल्या खोक्यात ओलसर टॉवेलवर न्या, आणि ते काय खातं, ट्यूब असली तर कुठली, पाण्याचं तापमान किती हे चिठ्ठीवर लिहून न्या.

वर वळलेल्या कडा पूर्ण सरळ होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. नवीन हाड टणक यायला कित्येक महिने लागतात, आणि सुधारणा मोजायची ती कडांच्या आकारावरून नव्हे, अंगठ्याखाली त्या किती घट्ट लागतात त्यावरून. दर महिन्याला त्याच जागी, हलक्या हाताने; रोज दाबून बघत बसू नका, त्याला दुखतं.